एआर फोम: विझवतो झकास, पण कॅनमधून वर आला तर!

आमचं अग्निशमन केंद्र साखर कारखान्यांच्या पट्ट्यात. रस्त्यावर इथेनॉलचे टँकर, आणि पंपावरच्या पेट्रोलमध्येही आता २० टक्के इथेनॉल. म्हणून साध्या एएफएफएफऐवजी (पेट्रोल-तेलावर पातळ फिल्म धरून आग विझवणारा फोम) एआर-एएफएफएफ, म्हणजे अल्कोहोलवरही टिकणारा, घेतला, ३-६ टक्केवाला: पाण्यात पेट्रोलसाठी ३ आणि अल्कोहोलसाठी ६ टक्के मिसळायचा. साधा स्वस्त पडतो, पण अल्कोहोल त्याच्या फेसातलं पाणी ओढून घेतं आणि फेस बसतो. एआरमधलं पॉलिमर मध्ये चिवट पापुद्रा धरतं. इथवर कागदावरचं.

थंडीत सकाळच्या ड्रिलला कटकट सुरू झाली. एफबी-५एक्स ब्रँच (होजच्या टोकाचा फेस मारायचा नोझल), तिची कंपाउंड, म्हणजे फोमचं मूळ घट्ट द्रावण, ओढणारी पिकअप ट्यूब २० लिटरच्या कॅनमध्ये, प्रेशर बरोबर, आणि बाहेर नुसतं दुधाळ पाणी! कंपाउंड गारठून काकवीसारखं झालेलं. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, प्रेशर वाढवा. वाढवलं. मग म्हणे, तुमची होज लांब आहे. अहो, पिकअप ब्रँचवरच आहे, होजचा काय संबंध? शेवटी कॅन वजनकाट्यावर ठेवला. ही ब्रँच मिनिटाला साधारण २२५ लिटर मारते, म्हणजे ६ टक्क्यांना साडेतेरा लिटर कंपाउंड जायला हवं. निम्मंही जात नव्हतं. आकडे पाठवल्यापासून साहेब फोन उचलेनात.

हिवाळाभर माझा एकच धोशा होता, माल परत करा. उन्हाळ्यात ट्रेमध्ये इथेनॉल पेटवून शिल्लक एएफएफएफ आणि हा, दोन्ही मारून पाहिले. जुन्याचा फेस पडता पडता विरला. एआर मागच्या पत्र्यावर मारून हळूच खाली उतरवला, तर थर टिकला. वरून पलिता फिरवला तरी पुन्हा पेट घेतला नाही. त्यानंतर परत करायचं नाव काढलेलं नाही.

पण खर्च! ६ टक्क्यांवर एक कॅन दीड मिनिटात संपतो. संपतो कसला, तळाला आणि अंगाला बरंच चिकटून राहतं, आणि त्याचेही पैसे मोजलेले असतात. कॅन उन्हात उलटा ठेवून आम्ही ते त्याच मालाच्या दुसऱ्या कॅनमध्ये निथळवतो. पाण्याने खंगाळून भरू नका, पातळ केलेलं टिकत नाही. दुसऱ्या जातीच्या कंपाउंडमध्ये तर मुळीच नको.

फ्लोरिनमुक्त घ्या, असा सल्ला मिळतो. कारण खरं आहे. एएफएफएफ फ्लोरिनच्या रसायनांवर चालतो; त्यांतलं पीएफओएस घातक, न विरणाऱ्या रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये गेलं, आणि ही रसायनं एकदा विहिरीत उतरली की वर्षानुवर्षं तिथेच. म्हणून ड्रिलला आता सरावापुरता, फ्लोरिन नसलेला ट्रेनिंग फोम. पण फ्लोरिनमुक्त फोम पेट्रोलवर फिल्म धरत नाही, सगळी भिस्त फेसाच्या थरावर. शिवाय त्यातलेही बरेच घट्टच, म्हणजे पुन्हा हीच ट्यूब आडवी येणार.

पुढच्या निविदेत अट टाकायला सांगितलंय: आमच्याच ब्रँचवर, थंडीतल्या सकाळी, काट्यावर कॅन ठेवून दाखवा. परवा पुरवठादाराचा फोन आला. रुंद ट्यूब देतो म्हणतोय, वेगळं बिल लावून.