मिलित्सा स्तोयादिनोविच : आधी कविता की रोजनिशी?

सर्बियन साहित्याची आवड लागली की मिलित्सा या एकोणिसाव्या शतकातल्या सर्ब कवयित्रीपाशी कधी ना कधी पोचतोच. तिथं पुन्हा निवड आली: कवितांचे संग्रह (1850, 1855, 1869) घ्यायचे, की तीन भागांतली रोजनिशी (1861, 1862, 1866)? मी दोन्ही एकदम सुरू केलं आणि दोन्ही अर्धवट टाकलं. म्हणून हे लिहितोय.

नाव झालं ते कवितेमुळे. 1848 च्या क्रांतीच्या धामधुमीत ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राज्यातल्या सर्बांना तिची देशाभिमानाची कविता हवीच होती. सही करताना ती नावापुढे 'स्रपकिन्या', म्हणजे सर्ब स्त्री, असं लावायची. वडील व्रदनिक या गावचे धर्मगुरू, आणि तिथल्या मठात त्या काळी कोसोवोच्या लढाईत (1389) पडलेल्या सर्ब राजा लाझारचे अवशेष होते. त्यामुळे तिचा देशाभिमान पुस्तकी नाही, हे मान्य.

पण माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. बऱ्याचशा कविता कुणाला तरी उद्देशून. दोन ओळी वाचायच्या, थांबायचं, हा कोण ते शोधायचं, समासात पेन्सिलीनं लिहायचं. एका पानावर तर तिच्यापेक्षा माझंच अक्षर जास्त झालं. सूर लागेपर्यंत कविता संपलेली! ज्यांना तो इतिहास पाठ आहे त्यांना हा त्रास होणार नाही, आणि मोठ्यानं म्हणायला यातल्या काही छान आहेत.

रोजनिशीचं नाव 'फ्रुश्का गोरात 1854'. फ्रुश्का गोरा म्हणजे तिच्या गावाभोवतीचे डोंगर. यात घरकाम आहे, पत्रं आहेत, आणि व्हिएन्नातल्या वुक काराजिच या सर्ब लोकसाहित्याच्या संग्राहकासाठी ती लोकगीतं गोळा करायची, तीही. अनोळखी नावं इथंही येतात, पण कुणाच्या तरी पत्रातून, बोलण्यातून. शोधाशोध केली नाही तरी चालतं. कणकेचे हात धुऊन लिहायला बसणारी बाई मला इथं दिसली. पाल्हाळ आहे, निसर्गवर्णनं तर मी सरळ ओलांडली. तरी पहिला भाग चार संध्याकाळींत संपला.

ती 1878 मध्ये बेलग्रेडला हलाखीत गेली. आज सर्बियाच्या व्होयवोदिना प्रांतात तिच्या नावानं पुरस्कार देतात, तो कवितेसाठी. तेव्हा जाणकारांचं मत माझ्या उलट असू शकतं. माझा कवितासंग्रह अजून अर्ध्यावर आहे, पेन्सिल आतच.