वडिलांची कात्रणवही: स्कॅनिंग आणि बांधणीच्या कामाचा अनुभव

आमच्या घरी एक जाड फुलस्केप वही आहे. तिची पहिली काही पाने आजोबांच्या हातची असून त्यांवर टेनिसपटू रामनाथन कृष्णन यांच्याविषयीची कात्रणे आहेत, आणि पुढची सगळी पाने वडिलांनी रामनाथन यांचे टेनिसपटू चिरंजीव रमेश कृष्णन यांच्यासाठी भरलेली आहेत. डिंकाने चिकटवलेला तो वृत्तपत्री कागद इतका पिवळा आणि ठिसूळ झाला होता, की पान उलटताना कडांचा भुगा मांडीवर पडत असे. म्हणून गेल्या पावसाळ्याआधी ही वही मी पुण्यात सदाशिव पेठेतील एका जुन्या बांधणीकारांकडे, स्कॅनिंग आणि नव्या बांधणीसाठी दिली. एकूण ११२ पानांचे स्कॅनिंग पानाला १५ रुपये आणि बांधणीचे ९०० रुपये, असे २५८० रुपये झाले. अशी वही ज्यांच्या कपाटात असेल त्यांना उपयोग व्हावा, म्हणून कामाचे गुणदोष सविस्तर लिहितो.

स्कॅनिंगचा दर्जा उत्तम आहे. वृत्तपत्रातील छायाचित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते आणि साध्या पद्धतीने स्कॅन केले तर त्यावर जाळीसारखी नक्षी उमटते. शिवाय कागद पातळ असल्याने मागच्या बाजूची छपाई पुढे दिसते. इथे काम पाहणाऱ्या बाईंनी सुट्या झालेल्या प्रत्येक कात्रणामागे काळा कार्डशीट ठेवला आणि छायाचित्रांसाठी वेगळी सेटिंग वापरली. १९७९ सालच्या कात्रणात अठरा वर्षांचे रमेश कृष्णन विम्बल्डनचा कुमार गटाचा करंडक हाती घेऊन उभे आहेत. मूळ कागदावर त्यांचा चेहरा जवळजवळ पुसला गेला होता, तो आता ओळखू येतो. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच स्पर्धेतही कुमार गटाचे विजेतेपद मिळवले होते. त्यांच्या वडिलांनी विम्बल्डनचे हेच कुमार विजेतेपद १९५४ मध्ये जिंकले होते आणि ते जिंकणारे ते पहिले आशियाई खेळाडू होते. माझ्या वडिलांनी आजोबांच्या पानांमधले १९५४ चे कात्रण अलगद सोडवून १९७९ च्या समोर चिकटवले होते. नव्या बांधणीतही ही दोन पाने समोरासमोरच राहिली, याचा मला फार आनंद झाला.

बांधणीबद्दल मात्र तक्रार करावी लागेल, आणि ती गंभीर आहे. पहिल्या खेपेला त्यांनी स्कॅन केलेल्या पानांचे समास कापून टाकले होते. या वहीचा खरा जीव त्या समासांत आहे. १९८७ च्या डेव्हिस चषक या देशादेशांतील सांघिक टेनिस स्पर्धेच्या उपांत्य लढतीत सिडनीच्या ग्रासकोर्टवर रमेश यांनी पहिल्या दिवशी जॉन फिट्झगेराल्ड यांना हरवले आणि शेवटच्या, निर्णायक एकेरीत वॉली मझुर यांना हरवून भारताला अंतिम फेरीत नेले. त्या बातमीच्या डाव्या बाजूला वडिलांनी प्रत्येक सेटचा गुणफलक निळ्या शाईने लिहून शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. स्कॅनमधून नेमक्या त्या दोन रेघाच गेल्या होत्या. मी दाखवून दिल्यावर दुकानदारांनी वाद न घालता सगळी पाने पुन्हा केली आणि जादा पैसेही घेतले नाहीत. पण आठ दिवसांचे काम त्यामुळे तीन आठवड्यांवर गेले. समास राखा, हे काम देतानाच लेखी सांगून ठेवावे.

दुसरी चूक क्रमाची. कात्रणे आकारानुसार लावल्यामुळे १९८९ ची ऑस्ट्रेलियन ओपन १९८१ च्या कात्रणांच्या आधी आली होती. एखाद्याला ही किरकोळ बाब वाटेल, पण रमेश यांची कारकीर्द कालक्रमानेच वाचायला हवी, असे माझे मत आहे. त्यांचे वडील रामनाथन हौशी, म्हणजे पैशांसाठी न खेळण्याच्या, जमान्यातले. आयोजक जॅक क्रेमर यांच्या व्यावसायिक दौऱ्याचे आमंत्रण नाकारून ते १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले, आणि तिथे एकदा नील फ्रेझर यांच्याकडून व एकदा रॉड लेव्हर यांच्याकडून हरले. मुलगा व्यावसायिक टेनिसमध्ये उतरला तेव्हा लाकडी रॅकेट मागे पडत होती आणि ताकदीच्या सर्व्हिसचा काळ सुरू झाला होता. रमेश यांची सर्व्हिस संथ होती. रमेश यांचे आजोबा टी. के. रामनाथन यांनी रामनाथन कृष्णन यांना घडवले, त्याच घराण्याची मनगटाची नजाकत आणि चेंडू लवकर घेण्याची सवय रमेश यांच्या खेळात होती, आणि प्रतिस्पर्ध्याचाच वेग वापरून ते त्याला कोर्टभर फिरवत. एवढ्या भांडवलावर १९८१ आणि १९८७ मध्ये अमेरिकन ओपनची आणि १९८६ मध्ये विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी, जागतिक क्रमवारीत २३ वे स्थान आणि एकेरीची आठ विजेतेपदे मिळवणे, याची किंमत त्या बदलत्या काळाची पाने ओळीने उलटल्याशिवाय कळत नाही. १९८९ ला तर त्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या दुसऱ्या फेरीत, त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या मॅट्स विलँडर यांना सरळ सेटमध्ये हरवले. याच विलँडर यांच्या स्वीडनने तेरा महिन्यांपूर्वी, गोथेनबर्गच्या डेव्हिस चषक अंतिम लढतीत, भारताला ५-० असे हरवले होते. ती दोन कात्रणे उलट्या क्रमाने आली तर त्या विजयाची चव निघून जाते.

क्रम दुरुस्त करून घेतल्यावर हाती आलेली वही सुबक आहे. जुजबंदी (पानांचे छोटे जुडगे दोऱ्याने शिवण्याची) शिवण असल्याने ती टेबलावर सपाट उघडते, मूळ कात्रणांमध्ये बटर पेपर घातलेला आहे आणि पुठ्ठ्यावर गडद हिरवे कापड आहे. जुना सेलोटेप काढताना एकही अक्षर निघाले नाही, हे कौशल्य दुर्मीळ आहे. वेळेची घाई नसेल तर मी हे काम पुन्हा त्यांच्याकडेच देईन.

शेवटच्या पानांवर लिअँडर पेस यांच्या साथीने १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये दुहेरीत गाठलेली उपांत्यपूर्व फेरी आहे, आणि त्यानंतर १९९३ मध्ये फ्रान्सला फ्रेजूस येथे हरवून भारत डेव्हिस चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचल्याची बातमी. रमेश त्याच वर्षी निवृत्त झाले. त्यापुढची नऊ पाने वडिलांनी कोरी सोडली होती. ती काढून टाकू का, असे बांधणीकारांनी फोन करून विचारले, मी नको म्हटले, आणि त्यांनी ती तशीच शिवून दिली.