ट्रोम्सो की याकुत्स्क, हिवाळा कुठला जड?
दोन्ही पार उत्तरेला, पण त्रास वेगळा. नॉर्वेतलं ट्रोम्सो आर्क्टिक सर्कलच्याही वर, तरी समुद्राच्या गरम प्रवाहामुळे जानेवारीत सरासरी उणे 4 च्या आसपासच, खरा प्रॉब्लेम अंधाराचा, नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, दुपारी थोडा वेळ निळसर उजेड तेवढा, आणि बर्फ वितळून परत गोठला की रस्ता इतका गुळगुळीत की बुटांखाली खिळे लावल्याशिवाय चालणं अवघड. सायबेरियातल्या याकुत्स्कला सूर्य रोज उगवतो, पण जानेवारी उणे 40 च्या जवळ! श्वासाची वाफ पापण्यांवर पांढरी गोठते, बाजारात मासे लाकडासारखे ताठ उभे करून ठेवलेले असतात, फ्रीज लागतच नाही. मी तरी याकुत्स्कच घेईन, कपड्यांचे थर चढवता येतात, पण दीड महिना सूर्य नाही हे मला सोसणार नाही.