रेंज बाल्कनीत, माणूस हॉलमध्ये: वाय-फाय कॉलिंगचा हिशेब

पुण्यात बाणेर, वाकड, खराडीच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेताना सॅम्पल फ्लॅट, क्लब हाऊस सगळं दाखवतात. हॉलमध्ये फोन लागतो का, हे कोणी दाखवत नाही. मिवान पद्धतीच्या बांधकामात आतल्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात, त्यामुळे रेंज बाल्कनीत येऊन थांबते. पेठेतल्या वाड्याची जाड भिंत वेगळ्या जातीची, गत तीच. गेटवरून वॉचमनचा फोन लागत नाही आणि पार्सलवाला खाली ताटकळतो.

यावरचा उपाय बहुतेकांच्या फोनमध्ये आधीपासून पडून आहे: वाय-फाय कॉलिंग, म्हणजे मोबाईल टॉवरऐवजी वाय-फायच्या इंटरनेटवरून साधा कॉल लावणं. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये, जिओने जानेवारी २०२० मध्ये आणि व्हीने (व्होडाफोन-आयडिया) २०२० च्या अखेरीस ते सुरू केलं. वेगळं रिचार्ज नाही, ॲप नाही. व्हॉट्सॲप कॉलसारखी समोरच्याकडेही तेच हवं, अशी अट नाही. आपल्याच नंबरवरून ०२० च्या लँडलाइनला, बँकेच्या कस्टमर केअरला, गावाकडच्या साध्या फोनला कॉल जातो आणि येतोही. घरासाठी पाचपैकी चार गुण. ऑफिससाठी दोन, त्याचं कारण पुढे.

सुरू करायला एक मिनिट लागतं. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या मोबाईल सर्व्हिसमध्ये, सॅमसंगमध्ये कनेक्शन्समध्ये, इतर अँड्रॉइडमध्ये सिम कार्डच्या पानावर ‘वाय-फाय कॉलिंग’चं बटण असतं. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळं चालू करावं लागतं. हे हमखास राहून जातं आणि मग ‘एकावर लागतो, दुसऱ्यावर नाही’ अशी तक्रार होते. पर्यायच दिसत नसेल तर आधी फोन अपडेट करा. परदेशातून आणलेल्या काही फोनमध्ये तो शेवटपर्यंत दिसत नाही.

बटण चालू केलं म्हणजे कॉल वाय-फायवरून जाऊ लागला, असं नाही. ‘मोबाईल नेटवर्कला प्राधान्य’ निवडलेलं असेल तर फोन एका मरतुकड्या दांडीला चिकटून बसतो. अँड्रॉइडवर हा पर्याय असेल तिथे ‘वाय-फायला प्राधान्य’ करा. खात्री करायची तर एअरप्लेन मोड लावा, मग फक्त वाय-फाय चालू करा आणि कॉल लावा. लागला, तर काम फत्ते.

नाही लागला तर राउटरवर चिडण्याआधी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या फोनचा हॉटस्पॉट घ्या आणि त्यावर हीच चाचणी करा. हॉटस्पॉटवर चाललं, घरच्या वाय-फायवर नाही, तर दोष राउटरचा किंवा ब्रॉडबँडवाल्याचा. दोन्हीकडे नाही चाललं, तर सिम किंवा फोन. कस्टमर केअरला हे आधीच सांगितलं की ‘फोन रीस्टार्ट करून बघा’चा एक फेरा वाचतो.

राउटरमध्ये नेमकं काय अडतं? फोन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक कुलूपबंद बोगदा खणतो, तो यूडीपी ५०० आणि ४५०० या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटवरच्या ये-जा करायच्या, नंबर दिलेल्या वाटा). हे पोर्ट बंद असले की ब्राउझिंग, व्हिडिओ सगळं झकास आणि वाय-फाय कॉलिंगचं चिन्ह मात्र गायब. हिंजवडीतल्या बऱ्याच ऑफिसांचा फायरवॉल हेच करतो, म्हणून ऑफिसला दोन गुण. आयटी विभागाला ‘नेट चालत नाही’ असं सांगू नका. हे दोन पोर्ट बाहेरच्या दिशेने उघडा, एवढंच मागा. घरच्या राउटरमध्ये ‘आयपीसेक पासथ्रू’ (असा बोगदा जाऊ देणारं सेटिंग) चालू आहे ना ते बघा. ब्रॉडबँडचं युजरनेम-पासवर्डवालं (पीपीपीओई) कनेक्शन असेल आणि एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पुडक्याचा कमाल आकार, १५०० ठेवलेला असेल, तर तो १४९२ वर आणा. पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता) घ्यायची काहीच गरज नाही. तो सल्ला देणारा तुम्हाला महागडा प्लॅन विकतोय.

आणखी एक चिवट दुखणं: आपण लावलेला कॉल लागतो, पण फोन टेबलावर थोडा वेळ पडून राहिला की येणारा कॉल ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. राउटर शांत पडलेलं यूडीपी कनेक्शन लवकर तोडत असेल तर असं होतं. यूडीपी टाइमआउट वाढवा, फर्मवेअर अपडेट करा, फोनचा बॅटरी सेव्हरही तपासा.

आवाज तुटण्याचा संबंध प्लॅनच्या वेगाशी क्वचितच असतो. कॉलला एका दिशेला १०० केबीपीएसच्या आसपास पुरतात. मिनिटाला साधारण १ एमबी. त्यामुळे ४० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून फरक पडत नाही. तुम्हाला समोरचं स्वच्छ ऐकू येतंय आणि तिकडून ‘हॅलो, हॅलो, कट होतंय’ चाललंय, तर तुमचा अपलोड तुंबला आहे. फोटोंचा बॅकअप किंवा सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग थांबवून बघा. दोन्हीकडे तुटतं, तर भिंत. फोनवर वाय-फायचा सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून बरा, म्हणजे शून्याच्या जवळचा, हवा. अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझरचं फुकट ॲप हा आकडा दाखवतं. राउटर दाराजवळच्या डीबी बॉक्समध्ये, म्हणजे वायरिंगच्या पेटीत, कोंबलेला असेल (बिल्डरची आवडती जागा), तर आधी तो बाहेर काढा. मेशचं (घरभर वाय-फाय पसरवणाऱ्या राउटरच्या संचाचं) दुसरं युनिट घेतलंत तर शक्यतो लॅन केबलने जोडा. काँक्रीटपलीकडे वायरलेस जोडणीचा दम निघून जातो.

घराबाहेर पाऊल टाकलं की खरी परीक्षा. वाय-फायवरून ४जीवर चालू कॉल सरकतो, पण ४जी असेल तर. लिफ्ट आणि डबल बेसमेंट पार्किंगमध्ये दोन्ही नसतं, तिथे कॉल गेलाच म्हणून समजा. वाय-फाय सोडून २जीवर तो कधीच सरकत नाही.

मग गुरुवार, पुण्यात देखभालीसाठी लाइट जायचा वार. महावितरणच्या देखभालीत लाइट गेली की राउटर बंद आणि बिनरेंजच्या घरात फोन मुका. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, राउटरचे मिनी यूपीएस मिळतात. घेण्याआधी अडॅप्टरवरचा आकडा वाचा: १२ व्होल्ट की ९, एक अँपिअर की दोन. फायबरची डबी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज लागते. गच्चीवरच्या स्विचमधून लॅन केबलने नेट येत असेल, तर इमारतीची वीज जाताच तो स्विचही झोपतो आणि घरातला यूपीएस नुसता लुकलुकत बसतो. थेट फायबर घरात आलेली असेल तरच तो खर्च करा. आणि घरात म्हातारी माणसं असतील, तर ११२ साठी वाय-फायवर विसंबू नका. बाल्कनीतली रेंजवाली जागा त्यांना दाखवून ठेवा.