तांब्याच्या फॉइलवरचं ग्राफीन: अवरक्त कामासाठी घ्यावं का?

घ्यावं, पण रामन तपासणीसाठी (लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून थर ओळखायची पद्धत) वेळ राखून ठेवा. आमच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या नॅनोपट्ट्यांवर ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या पत्र्याचा, एकच थर चढवून अवरक्त किरण व्होल्टेजने वळवायचं काम चालतं. पट्ट्यांची लांबी ठरली की सोनं कोणत्या तरंगलांबीला जास्त उत्सर्जन करणार तेही ठरून जातं. वर ग्राफीन असलं आणि गेट व्होल्टेजने (खालच्या इलेक्ट्रोडला दिलेल्या व्होल्टेजने) त्यातले भारवाहक, म्हणजे वीज वाहून नेणारे कण, वाढवले, की उत्सर्जनाचं ते शिखर आखूड तरंगलांबीकडे सरकतं. नमुना तापलेला असतानाच हे घडतं, तापमानाला हातही लावावा लागत नाही! किर्खोफच्या नियमाने शोषण आणि उत्सर्जन बरोबरीने चालतात, म्हणून आधी शोषण मोजलं तरी अंदाज येतो. २०१५ मध्ये कॅलटेकच्या गटाने तापवलेल्या ग्राफीन नॅनोरेझोनेटरमधून (ठरावीक तरंगलांबीला साद देणाऱ्या ग्राफीनच्या अतिसूक्ष्म पट्ट्यांमधून) असं उत्सर्जन विजेवर कमीजास्त करून दाखवलं, तेव्हापासून मला या विषयाचं वेड आहे.

आता विकत घेतलेल्या फॉइलबद्दल. थर खरोखर एकपदरी निघाला: रामनमध्ये २७०० सेमी⁻¹ जवळचं शिखर १५८० च्या दुपटीहून उंच (एकपदरी थराची खूण), १३५० ला, जिथे दोष दिसतात, जवळपास काहीच नाही. कडांना मात्र दोन-तीन पदरांचे ठिपके होते, तेवढा भाग कापून टाकला. पॅकिंग वाईट. फॉइलला घडी पडली होती, आणि ग्राफीन सोडवून घ्यायला तांबं विरघळवल्यावर त्याच रेषेवर ग्राफीन फाटलं. विक्रेत्याने बदलून दिलं, पण फार पाठपुरावा करावा लागला.

पीएमएमए (ग्राफीनला आधार देणारा प्लास्टिकचा पातळ थर) आधीच लावलेला प्रकार मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तोच मागवा.