वाटीच्या ऑपरेशननंतरचा लाँग नी ब्रेस: साधा घ्यावा की डायलचा?

गुडघ्याची वाटी फुटून ऑपरेशन झाले की डिस्चार्जच्या चिठ्ठीवर औषधांखाली एक ओळ असते: लाँग नी ब्रेस. नातेवाईक चिठ्ठी घेऊन सर्जिकलच्या दुकानात जातात आणि 'गुडघ्याचा पट्टा द्या' म्हणतात. घोटाळा इथेच होतो. हातात पडते ती लवचिक कापडाची, मध्ये भोक असलेली नी कॅप. दुखऱ्या गुडघ्याला ऊब द्यायला ती ठीक आहे. पण वाटीच्या ऑपरेशनवर तिचा उपयोग शून्य: टाक्यांवर दाब येतो आणि गुडघा वाकायचा तो वाकतोच. मागायचा तो मांडीच्या वरपासून पोटरीच्या खालपर्यंत जाणारा, आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेला ब्रेस.

हा ब्रेस हाड जुळवत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. वाटी मांडीच्या पुढच्या स्नायूच्या ओढीत बसलेली असते. ती आडवी फुटली की स्नायू वरचा तुकडा वर खेचतो आणि पाय सरळ उचलता येत नाही. पाय असा उचलता येत नसेल, किंवा तुकड्यांमधली फट 2-3 मिमीपेक्षा जास्त असेल, तर सहसा ऑपरेशन करतात. दोन समांतर के-वायर (हाडात घालायच्या बारीक, ताठ सळया) आणि त्यांच्याभोवती आठच्या आकड्यात आवळलेली स्टीलची तार, ही नेहमीची पद्धत. काही ठिकाणी वायरऐवजी पोकळ स्क्रू घालून त्यातून तार ओवतात. हाड धरते ती ही तार. ब्रेसचे काम एवढेच, की झोपेत, मोरीत किंवा उंबऱ्यावर पाय घसरला तर गुडघा झटक्यात दुमडू नये. तसा दुमडला तर तार तुटते किंवा हाडातून सुटते.

साध्या, म्हणजे बिजागरी नसलेल्या, ब्रेसमध्ये बिघडण्यासारखे फारसे काही नसते, बहुतेकदा चुकते ती लांबी. 19 आणि 22 इंच ही मापे सर्रास मिळतात. बुटक्या बाईला 22 इंची दिला की वरची कड जांघेत रुतते, खालची घोट्यावर घासते, आणि दोन दिवसांत ब्रेस खुंटीला लागतो. वरची कड जांघेपासून तीन बोटे खाली आणि खालची कड घोट्याच्या हाडापासून तीन-चार बोटे वर राहील एवढी लांबी घ्यावी. पेशंट हॉस्पिटलात असेल तर टेपने पाय मोजूनच दुकानात जावे. बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारावे, कारण वापरलेला ब्रेस सहसा परत घेत नाहीत.

बांधताना आधी वाटीच्या लगेच वरचा आणि लगेच खालचा पट्टा लावायचा, मग टोकांचे. वाटीवर पट्टा नको. पट्ट्याखाली दोन बोटे जायला हवीत. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या मागून नस जाते. तिथे पट्टा आवळला गेला तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात आणि पुढे पाऊल वर उचलता येईनासे होते. मुंग्या जाणवल्या की लगेच सैल करावे, सकाळची वाट पाहू नये.

दोन-तीन आठवड्यांत ब्रेस खाली सरकू लागतो आणि दोष वेल्क्रोला दिला जातो. खरे तर मांडी बारीक झालेली असते. हा स्नायू वापराविना झपाट्याने आटतो. उभे राहण्याआधी दर वेळी ब्रेस वर ओढून पोटरीच्या फुगवट्याच्या वरचा पट्टा नीट बसवावा. ब्रेस त्याच्याच आधाराने टिकतो.

आता डायलचा ब्रेस. दोन्ही बाजूंना बिजागरी आणि गुडघा किती वाकू द्यायचा ते ठरवणारी अंशांची चकती; 0 म्हणजे पाय सरळ. पहिले दोन आठवडे 0 ते 30, मग 60, सहाव्या आठवड्याच्या सुमारास 90, अशी मोकळीक टप्प्याटप्प्याने देता येते. हे आकडे नमुन्याचे. वाटीचे किती तुकडे होते आणि तार कितपत घट्ट बसली, ते पाहून सर्जन ठरवतात. चालताना मात्र चकती 0 वर लॉक. आतली आणि बाहेरची चकती एकाच आकड्यावर हवी. बिजागरी सांध्याच्या रेषेत नसेल, तर गुडघा वाकवताना ब्रेस वर-खाली ओढला जातो आणि आकडा 60 दाखवत असला तरी गुडघा तेवढा वाकलेला नसतो.

किंमत साध्याच्या कित्येक पट आहे. आमचे मत सरळ आहे: डॉक्टरांनी अंशांचे वेळापत्रक लिहून दिले असेल आणि चकती फिरवून द्यायला फिजिओ असेल, तरच डायल घ्यावा. सहा आठवडे 0 वर लॉक करून वापरायचा असेल, तर साधा तेच काम करतो आणि वजनालाही हलका असतो. उरलेले पैसे फिजिओथेरपीला लावावेत, कारण या ऑपरेशननंतर गुडघा आखडणे हाच मोठा त्रास आहे.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, तेव्हा फोमचे अस्तर असलेला कोणताही ब्रेस छळतो. आत सुती स्टॉकिनेट (पायावर चढवायची ताणणारी कापडी नळी) घालावे, दोन आणून आलटून-पालटून धुवावीत. अस्तर धुताना पट्ट्या काढून ठेवाव्यात आणि ते सावलीत वाळवावे. उन्हात वेल्क्रो लवकर जातो. घामाने टाक्यांची जागा ओली राहिली, लाल झाली किंवा पाणी येऊ लागले, तर ब्रेसला नावे ठेवत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. पोटरी सुजून दुखू लागली, किंवा काल उचलला जाणारा पाय आज उचलेना, तरीही तेच.

गुडघ्याखाली उशी घेऊन झोपणे सुखाचे वाटते, पण त्याने पाय वाकलेलाच राहतो. सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळून टाचेच्या जरा वर, घोट्याच्या मागे घ्यावा, टाच अधांतरी राहू द्यावी. गुडघा सरळ होतो आणि टाचेला जखमही होत नाही. रिक्षात मागच्या सीटवर आडवे बसून पाय सीटवरच लांब ठेवावा, बाहेर काढू नये. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड खुर्ची ब्रेससोबतच आणावी.

विडी वळणाऱ्या बायकांचा प्रश्न निराळा आहे. त्यांचे काम मांडी घालून, आणि त्यासाठी गुडघा 90 च्या बराच पुढे वाकावा लागतो. ब्रेस सुटला म्हणजे कामाला बसता येईल, हा हिशेब चुकतो. हाड जुळायलाच साधारण तीन महिने जातात. तोवर खुर्चीत बसून, सूप समोर स्टुलावर ठेवून काम करता येते. पुढे जमिनीवर टेकताना तारेची टोके कातडीखाली टोचतात, अशी तक्रारही नेहमीची. हाड पूर्ण जुळल्यावर तार काढता येते.

जुना ब्रेस घ्यायचा झाला तर साधा चालेल, अस्तर धुऊन आणि वेल्क्रो तपासून. डायलचा घेताना चकती 0 वर लॉक करून बिजागरी दोन्ही हातांनी वाकवून पाहावी. जराही हलली तर घेऊ नये.