नोटेशनशिवाय कॉर्ड्स: नौपाड्यातल्या क्लासचे बारा शनिवार

मंडळात भजनाला पेटी वाजवते, पण त्या पाच रेघांवरच्या नोटेशनच्या वाटेला कधी गेले नाही. नौपाड्यातल्या एका क्लासबाहेर ‘नोटेशन न शिकता पियानो कॉर्ड्स’ अशी पाटी दिसली आणि बारा शनिवारांचे सहा हजार भरून मोकळी झाले.

सर शिकवतात छान. कॉर्ड म्हणजे एकदम दाबायचे तीन स्वर. मेजर कॉर्ड म्हणजे सा-ग-प. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून सापासून चौथी ग, तिथून तिसरी प. ग कोमल केला की मायनर. पेटीवाल्या बाईला आणखी काय हवं? पांढरी एकचा सा धरला तर ही झाली सी मेजर. आता अंगठा सावरच ठेवायचा, मधलं बोट गवरून मवर, करंगळी पवरून धवर. झाली एफ! उलट करंगळी पवरच ठेवून अंगठा खालच्या नीवर आणि मधलं बोट रेवर आणलं की जी. हात जागचा हलत नाही. शिवाय या तीन कॉर्ड्समध्ये मिळून सातही शुद्ध स्वर येऊन जातात, म्हणून साधी चाल बहुतेक वेळा एवढ्यात भागते. हे कळलं त्या दिवशी गोखले रोडवरून गुणगुणत घरी आले.

त्रास दिला डाव्या हाताने. जन्मभर भाता हलवलेला हात, त्याला एकदम तीन पट्ट्या दाबायला सांगितल्या की करंगळी हमखास मागे राहते. महिनाभर माझी प्रत्येक कॉर्ड ठेच लागल्यासारखी वाजत होती.

आता तक्रार. बॅच सहा जणांची, कीबोर्ड चार. ‘काकू, तुम्ही आधी बघा’ ऐकत निम्मे शनिवार मी बघण्यातच घालवले. दुसरं म्हणजे, शब्दांवर कॉर्डची अक्षरं छापलेले कागद मिळतात, ते समोर असले की सगळे उस्ताद. कॉर्ड नेमकी कुठे बदलायची, असं विचारलं तर उत्तर एकच, ‘कानाला कळतं.’ अहो, मग क्लास कशाला? शेवटी घरी मीच शोधलं: समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, चाल ज्या स्वरावर टेकते, तो स्वर ज्या कॉर्डमध्ये आहे ती आधी लावून बघायची. दोन कॉर्ड्समध्ये असला तर दोन्ही वाजवून बघायच्या.

आणि रागदारी अंगाच्या अभंगाला हे लावायला जाऊ नका. मी भैरवीतला घेऊन बसले होते. सरांनी दोन ओळींनंतर चहा मागवला.

नवख्याला तीन तारे, पेटी येत असेल तर चार. पुढच्या बॅचला कीबोर्ड किती, ते विचारूनच फी भरणार आहे.